सातपुड्यातला पाडा सरकारी मोजणीत कधी येणार?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात नंदुरबार जिल्ह्याच्या पानावर एक बातमी हमखास येते. सातपुड्यातल्या कुठल्यातरी पाड्यावरच्या गरोदर बाईला किंवा तापाने फणफणलेल्या मुलाला नातेवाइकांनी बांबूच्या झोळीत घातले, डोंगर उतरवला, नाला ओलांडला आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेपर्यंत पोहोचवले, अशी ती बातमी असते. सोबत छायाचित्र असते. दोन-चार दिवस हळहळ व्यक्त होते, कोणीतरी भेट देऊन येते, रस्त्याचा प्रस्ताव पाठवल्याचे सांगितले जाते आणि मग ते गाव पानावरून निघून जाते. पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या गावाची तशीच बातमी येते. मी या डोंगरात प्राथमिक शिक्षक म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर शहाद्यात राहतो, पण जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी लग्नकार्याला आणि होळीला अजूनही वर जात असतो. इतक्या वर्षांत जे पाहिले, त्यावरून एका गोष्टीकडे आपले आणि आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

रस्ता, दवाखाना, वीज, शाळा, रेशन या सगळ्यांची रडकथा आपण वेगवेगळी सांगतो. माझ्या मते त्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे. सरकारदरबारी मोजणी होते ती महसुली गावाची, आणि माणसे राहतात पाड्यावर. जोवर पाडा मोजला जात नाही, तोवर योजना मंजूर होत राहतील, पैसाही खर्च होत राहील आणि झोळ्याही उतरत राहतील.

सपाटीवरच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर गाव म्हटले की पार, मारुतीचे देऊळ, एकमेकांना चिकटलेली घरे आणि मधून जाणारी गल्ली उभी राहते. अक्राणी तालुक्यात, ज्याला आपण धडगाव तालुका म्हणतो, आणि अक्कलकुव्याच्या मोलगीकडच्या डोंगरी भागात असे गाव जवळजवळ नाहीच. भिल्ल आणि पावरा कुटुंबे आपापल्या शेताशेजारी, एकेका टेकाडावर घर बांधून राहतात. सागाचे खांब, बांबूच्या कुडाला शेणामातीने सारवलेल्या भिंती, वर कौले, आणि माणसांच्या शेजारीच गुराढोरांनाही त्याच छपराखाली जागा. भाऊबंदांची अशी दहा-वीस घरे मिळून एक पाडा होतो, आणि पाच-सात, कधी दहा-बारा पाडे मिळून दप्तरातले एक गाव होते. एका पाड्यावरून मारलेली हाक समोरच्या पाड्यावर स्पष्ट ऐकू जाते, पण प्रत्यक्ष जायचे तर दरीत उतरावे लागते, नाला ओलांडावा लागतो आणि पुन्हा तेवढाच चढ चढावा लागतो. कागदावर हे अंतर एक किलोमीटरचे भरते. माणसाला, विशेषतः डोक्यावर किंवा कडेवर काही असलेल्या बाईला, त्यासाठी तास-दीड तास लागतो, आणि नाल्याला पूर आला की त्या दिवसापुरती वाटच राहत नाही.

अहवालात जेव्हा ‘गाव बारमाही रस्त्याने जोडले’ असे लिहिले जाते, तेव्हा तो रस्ता बहुतेक वेळा पाटीलपाड्यापर्यंत किंवा जिथे ग्रामपंचायतीचे कार्यालय आहे तिथपर्यंत गेलेला असतो. लिहिणारा खोटे लिहीत नाही. त्याच्या तक्त्यात गावाचाच रकाना आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने डोंगरी आणि आदिवासी भागासाठी लोकसंख्येची अट पाचशेवरून अडीचशेवर आणली, ही सवलत मोठीच आहे, पण ज्या पाड्यावर ऐंशी किंवा सव्वाशे माणसे राहतात तो पाडा या सवलतीतही बसत नाही. विजेचेही तेच. २०१८ च्या एप्रिलमध्ये देशातल्या प्रत्येक गावात वीज पोहोचल्याची घोषणा झाली. त्या वेळी विद्युतीकृत गावाची व्याख्या अशी होती की गावात रोहित्र असावे, शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज असावी आणि किमान दहा टक्के घरांत जोडणी असावी. दहा-बारा पाड्यांच्या गावात एक-दोन पाडे उजळले की ही अट पुरी होते. पुढे घरोघर वीजजोडणी देणाऱ्या सौभाग्य योजनेतून बरीच घरे जोडली गेली, काही पाड्यांवर सौरदिवे आले, हे मी मान्य करतो. परंतु ज्या पाड्यांकडे खांब न्यायला वाट नाही ते मागे राहिले, आणि गावाच्या नावापुढे ‘पूर्ण’ असा शेरा पडल्यावर उरलेल्या पाड्यांसाठी भांडायला कागदच उरला नाही.

हे मला नर्मदाकाठच्या पाड्यांविषयी तर फारच तीव्रतेने वाटते. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली, त्यांतली २४ अक्राणीतली आणि ९ अक्कलकुव्यातली. धरणातून निर्माण होणाऱ्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. ज्यांना जमिनी मिळाल्या ते तळोदा-शहाद्याच्या वसाहतींत आले, पण वरच्या अंगाला राहिलेली कुटुंबे तिथेच आहेत, आणि धरणाचे पाणी प्रत्येक नाल्याच्या तोंडातून आत घुसल्यामुळे पूर्वी एकमेकांकडे चालत जाणारे पाडे आता पाण्याने वेगळे झाले आहेत. निवडणुकीत मणिबेलीसारख्या गावी मतदान पथक बोटीने जाते आणि ते छायाचित्र लोकशाहीचा गौरव म्हणून छापले जाते. तो गौरव खराच आहे. मतपेटी जर मोजक्या मतदारांसाठी पाणी ओलांडून जाऊ शकते, तर लसीची पेटी आणि डॉक्टर दर आठवड्याला त्याच वाटेने का जाऊ नयेत, एवढेच मला विचारायचे आहे. तरंगत्या दवाखान्याचा प्रयोग याच पाण्यावर झालेला आहे, म्हणजे कल्पना नवी नाही. ती सातत्याने चालवायला हवी.

झोळी म्हणजे काय, हे छायाचित्रातून पूर्ण कळत नाही म्हणून सांगतो. मनगटाएवढ्या जाडीचा, चांगला पक्का बांबू निवडतात. गोधडीची किंवा चादरीची दोन टोके त्याला घट्ट बांधतात, आत रुग्णाला निजवतात, एक जण पुढे, एक जण मागे खांदा देतो आणि खांदेपालट करायला आणखी चार-सहा जण सोबत असतात. उतारावर पुढच्या माणसावर सगळा भार येतो, त्यामुळे तिथे उंच आणि खांद्याला मजबूत गडी घेतात. एक पोरगा आधीच रेंजच्या टेकडीवर पळालेला असतो, कारण रुग्णवाहिकेला फोन लागला नाही तर खाली रस्त्यावर पोहोचूनही थांबावे लागणार हे सगळ्यांना ठाऊक असते. कळा देणाऱ्या बाईची सासू किंवा बहीण झोळीला हात लावून बाजूने चालते, तिच्याशी बोलत राहते. नाल्यावर सगळे थांबतात, एक जण काठी घेऊन पाण्यात उतरतो, पाणी मांडीच्या वर नाही अशी खात्री करून घेतो आणि मगच झोळी डोक्याच्या उंचीवर उचलून पलीकडे नेतात. हे करताना कोणी कोणाला सूचना देत नाही, इतकी ती सवयीची गोष्ट झाली आहे, आणि माझ्या मनाला सर्वांत जास्त लागते ती हीच सवय. २०२१ च्या सप्टेंबरात चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद पडला असताना आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन निघालेल्या एका माणसाची बातमी साऱ्या महाराष्ट्राने वाचली. ती पत्नी वाटेतच गेली. त्या घटनेनंतरही घाट दर पावसाळ्यात बंद पडतोच. तिकडे मोलगीच्या वाटेवर देवगोईचा घाट आहे, त्याचीही गत फार निराळी नाही.

आरोग्य केंद्रांची रचनाही लोकसंख्येवर बेतलेली आहे. सपाटीवर पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, तर डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजारांना एक. सपाटीवरचे पाच हजार लोक एका मोठ्या गावात किंवा शेजारच्या दोन गावांत भेटतात, पण अक्राणीतले तीन हजार लोक अनेक टेकाडांवर पसरलेले असतात. तिथली आरोग्यसेविका आणि आशाताई ज्या चिकाटीने ही टेकाडे चढतात-उतरतात ती मी जवळून पाहिली आहे. पाठीवर लसींचा डबा, हातात चपला, कारण ओल्या दगडावर चप्पल घसरते. त्यांचे वेळापत्रक मात्र गावाच्या नावाने आखलेले असते. ‘अमुक गाव, मंगळवार’ असे त्यात लिहिलेले असते, आणि एका मंगळवारात दोन किंवा फार तर तीन पाडे होतात. उरलेल्या पाड्यांवरच्या बाया मुलांना घेऊन खाली येतील असे गृहीत धरलेले असते. भात-ज्वारीच्या निंदणीच्या दिवसांत कोण येणार?

प्राथमिक आरोग्य केंद्रात माहेरघर नावाची एक चांगली सोय राज्यात आहे. दिवस भरत आलेल्या बाईने चार-पाच दिवस आधीच केंद्रात येऊन राहावे, सोबत एखादे नातेवाईक आणि लहान मूल आणावे, म्हणजे ऐन वेळी डोंगर उतरायची पाळी येत नाही. अशा ठिकाणी ही सोय मला सर्वांत महत्त्वाची वाटते, रस्त्यापेक्षाही आधीची, कारण रस्ता व्हायला वर्षे लागतात आणि बाळंतपण थांबत नाही. तरीही बाया यायला नाखूश असतात, आणि त्यांची कारणे विचारली तर ती अगदी साधी निघतात. घरी उरलेली दोन मुले, बकऱ्या आणि कोंबड्या कोणावर सोडायच्या? केंद्रात जेवण वेळेवर मिळेल का? आपली भिलोरी किंवा पावरी बोली तिथे कोणाला समजेल का? माझ्या एका विद्यार्थिनीने मला सांगितले की तिला तिथल्या खाटेची भीती वाटली नव्हती, परंतु दिवसभर आपल्याशी कोणी बोलत नाही याची वाटली होती. पाड्यावरचीच एखादी अनुभवी, बाळंतपणे केलेली बाई मानधनावर माहेरघरात ठेवली, तर हा प्रश्न निम्मा सुटेल. त्यासाठी कोणत्या पाड्यावर कोणत्या महिन्यात किती बायांचे दिवस भरतात, याची पाडावार नोंद हवी. आशाताईच्या वहीत ती असते. वरच्या कार्यालयात जाताना ती गावाच्या बेरजेत विरून जाते.

शाळेबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण माझाच विषय असल्याने लिहायला बसलो तर पत्र संपणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. सहा वर्षांच्या मुलाने एक नाला आणि दोन चढ ओलांडायचे असतील तर तो किलोमीटर सपाटीवरच्या किलोमीटरएवढा धरू नये. पट कमी म्हणून पाड्यावरची वस्तीशाळा खालच्या शाळेत विलीन केली की हजेरीपटावर मुले दिसतात आणि जून ते सप्टेंबर वर्गात दिसत नाहीत. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सर्वांत कमी होती. तिचे खापर पालकांच्या अनास्थेवर फोडणारी भाषणे मी पुष्कळ ऐकली. ज्या पालकांनी मुलाला पहिलीच्या वर्षी पाठुंगळी घेऊन नाला ओलांडून शाळेत आणले ते मला माहीत आहेत.

या लोकांकडे केवळ अडचणींची यादी म्हणून पाहिले जाऊ नये, म्हणून त्यांच्या कष्टाचे आणि कसबाचे एक उदाहरण देतो. एप्रिल-मे महिन्यांत अक्राणीच्या पाड्यांवर गेलात तर घराची कौले, अंगणातले खडक, शेताच्या बांधावरचे सपाट दगड, सगळीकडे कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या दिसतील. डोंगरातल्या गावठी आंब्यांच्या कैऱ्या पहाटे उतरवतात, घरातल्या बाया आणि मुली दिवसभर बसून त्या सोलतात, पातळ चिरतात आणि उन्हात पसरतात. हाताला कैरीचा चीक लागून कातडी काळी पडते, बोटांच्या पेरांना भेगा जातात. फोड कडक आणि फिकट पिवळी राहिली तर भाव चांगला. मधेच वळवाचा शिडकावा झाला किंवा ढग राहिले तर ती काळी पडते आणि भाव एकदम उतरतो. म्हणून आभाळात ढग दिसला की घरातले लहान मूलसुद्धा धावत जाऊन फोडी गोळा करायला लागते. देशभरातल्या मसाल्यांत आणि चटण्यांत जाणारे हे आमचूर धडगाव आणि मोलगीच्या बाजारात येते, आणि तिथे भाव ठरवतो तो व्यापारी. पाड्यावर कोरडी, बंदिस्त जागा असती तर पावसाच्या तोंडावर मिळेल त्या भावाला माल देण्याची वेळ आली नसती. गोदाम मात्र मंजूर होते गावासाठी, आणि ते बांधले जाते रस्त्याच्या कडेला, जिथे पाठीवर पोते घेऊन उतरायला अर्धा दिवस लागतो. मोहफुले, चारोळी, तेंदूपाने आणि डोंगरउतारावर पिकणारी भगर यांचीही थोड्याफार फरकाने हीच कथा आहे.

यातून पुरेसा पैसा उभा राहत नाही, आणि पाण्याअभावी रब्बीचे पीक बहुतेकांना घेता येत नाही, त्यामुळे दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला, कोणी सौराष्ट्राकडे शेतमजुरीला, कोणी बांधकामावर निघून जातात. होळीला मात्र जमेल तो परत येतो. काठीची राजवाडी होळी, त्याआधीचे भोंगऱ्याचे बाजार, रात्रभर चालणारे ढोल हे सारे चुकवणे त्यांना मजुरी बुडण्यापेक्षा जड वाटते. होळीनंतर पुन्हा पांगापांग. अंगणवाडीतली वजने, पटनोंदणी, कुटुंब सर्वेक्षण ही कामे नेमकी हिवाळ्यात जोरात चालतात, जेव्हा पाड्यावर म्हातारी माणसे आणि त्यांच्यापाशी ठेवलेली काही मुलेच असतात. जे मूल तेव्हा दिसले नाही ते ‘स्थलांतरित’ या शेऱ्याखाली जाते. ते जूनमध्ये परत येते तेव्हा त्याचे वजन कारखान्यावरच्या झोपडीत उतरलेले असते, पण तोवर वर्षाची आकडेवारी बंद झालेली असते. कुपोषणाच्या आकड्यांवर विधानसभेत दरवर्षी चर्चा होते. ते आकडे कोणत्या महिन्यात, कोणत्या पाड्यावर घेतले हे त्या चर्चेत कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

रेशनचाही उल्लेख करणे भाग आहे. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी दिले गेले. याचा आम्हा जिल्हावासीयांना अभिमान होता आणि आहे. त्याच जिल्ह्याच्या डोंगरात आज रेशन दुकानदार अंगठ्याचे यंत्र घेऊन रेंज मिळेल त्या टेकडीवर जातो, मागे रांगेने माणसे चढतात, आणि तिथे अंगठा जुळला की धान्य घ्यायला पुन्हा खाली दुकानात येतात. ज्यांच्या बोटांची कातडी आमचूर आणि कोयत्याने घासली गेली आहे त्यांचा अंगठा पहिल्या खेपेला जुळतोच असे नाही. नर्मदाकाठी तर कधी महाराष्ट्राच्या मनोऱ्याची रेंज नसते आणि पलीकडच्या गुजरातची मिळते. नेटवर्क नसलेल्या पाड्यांची यादी करून तिथे वहीवर सही-अंगठा घेऊन धान्य द्यायची मुभा दिली, तर हा हेलपाटा एका परिपत्रकाने थांबेल.

आता कायद्याविषयी. मी जे मागतो आहे ते काही नवे किंवा भलतेच नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या गावाची व्याख्या करताना स्पष्ट म्हटले आहे की एखादी वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथे एक समाज आपल्या रूढी-परंपरेने आपला कारभार चालवतो, ते गाव. महाराष्ट्राने २०१४ मध्ये या कायद्याचे नियम केले आणि पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करण्याची पद्धतही त्यात घालून दिली. पाड्यावरच्या मतदारांनी ठराव करावा, तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यावा, चौकशी होऊन प्रस्ताव पुढे जावा. अशा गावाची स्वतःची ग्रामसभा असते, आणि आदिवासी उपयोजनेचा जो पाच टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाची अट नसलेला, निधी २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना थेट दिला जातो, त्यातून काय करायचे हे ती ग्रामसभा ठरवू शकते. २००६ च्या वनहक्क कायद्यातही ग्रामसभेलाच केंद्रस्थानी ठेवले आहे. तेव्हा तरतुदीची उणीव नाही. उणीव आहे ती ठराव घेऊन आलेल्या माणसाला कार्यालयात खुर्ची देण्याची. एका पाड्यावरच्या तरुणांसोबत मी असा ठराव घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. आधी नकाशा मागितला गेला, मग तो मोजणीदाराच्या सहीचा हवा असे सांगण्यात आले, मग मोजणीदार पावसाळ्यानंतर येईल असे कळले, आणि पावसाळ्यानंतर ती पोरे ऊसतोडीला गेली. या भागातली अनेक गावे मुळात वनगावे होती आणि त्यांचे भूमापन नीट झालेलेच नव्हते. जो नकाशा सरकारपाशीच नाही तो आदिवासीने कुठून आणावा, याचे उत्तर त्या कार्यालयात कोणाकडे नव्हते.

सरकारने पाड्यांसाठी काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. भगवान बिरसा मुंडा यांच्या नावाने पाड्यांना जोडणाऱ्या रस्त्यांची योजना राज्याने आणली आहे, २०२४ च्या २ ऑक्टोबरला केंद्राने आदिवासी गावांसाठी धरती आबा अभियान सुरू केले, अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे जेवण मिळते. मात्र या साऱ्या योजनांची गाठ पाड्याशी पडायची तर पाडा कुठेतरी लिहिलेला असला पाहिजे. म्हणून माझी पहिली मागणी अशी की जिल्हा प्रशासनाने प्रत्येक महसुली गावाची पाडावार नोंदवही करावी. तीत पाड्याचे लोकांच्या तोंडी असलेले नाव, घरांची संख्या, जवळच्या पक्क्या रस्त्यापासून, उपकेंद्रापासून, शाळेपासून आणि रेशन दुकानापासून चालत लागणारा वेळ, वाटेत किती नाले आहेत आणि पावसाळ्यात ती वाट कोणत्या महिन्यांत बंद असते, एवढ्या गोष्टी असाव्यात. अंतर किलोमीटरमध्ये लिहूच नये असे मी म्हणत नाही. त्याच्या शेजारी वेळेचा रकाना असावा, आणि निकष ठरवताना तो रकाना पाहिला जावा. ही नोंद करायला बाहेरची संस्था नेमण्याची गरज नाही. शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताई, वनरक्षक आणि पाड्याचा कारभारी यांना एकत्र बसवले तर एका गावाची माहिती एका दिवसात तयार होते.

दुसरी मागणी साकवांची, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलांची आहे. डांबरी रस्त्याचा आग्रह सगळेच धरतात, पण वनखात्याची परवानगी, निविदा, खडी वाहून न्यायची अडचण यांत तो अडकतो, आणि झाला तरी उतारावरचा रस्ता दोन पावसाळ्यांत वाहून जातो. पाड्यावरच्या माणसांना विचारले तर ते आधी नाल्यावर साकव मागतात, आणि मोटारसायकल जाईल एवढी, दगड बसवलेली वाट मागतात. ती वाट रोजगार हमीतून त्यांच्याच हातून होऊ शकते. घर बांधताना किंवा शेतीच्या घाईच्या दिवसांत एकमेकांकडे बिनमजुरीने राबण्याची, ज्याला ते लाह म्हणतात, ती रीत या डोंगरात आजही जिवंत आहे. कामाला माणसे मिळणार नाहीत अशी शंका कोणी घेऊ नये. राज्यात दुचाकी रुग्णवाहिका २०१७ पासून आहेत. साकव आणि वाट झाली तर ती दुचाकी पाड्याच्या अंगणापर्यंत जाईल.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. बातमी देताना गावाच्या नावासोबत पाड्याचे नाव छापावे, तिथून रस्त्यापर्यंत चालायला किती वेळ लागला ते लिहावे, आणि त्या पाड्याचे पुढे काय झाले हे पाहायला मे महिन्यात वार्ताहर पाठवावा, कारण डोंगरातली कामे व्हायची ती मेअखेरपर्यंतच होतात.

ग्रामपंचायतींच्या पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते आणि जिल्ह्याचा वार्षिक आराखडा त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत ठरतो. त्यामुळे पाडावार नोंदवही सप्टेंबरअखेर तयार करून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, शक्यतो भिलोरी-पावरीतून, मोठ्याने वाचून दाखवावी आणि राहिलेले पाडे तिथल्या तिथे लिहून घ्यावेत. हे काम दिवाळीच्या पुढे ढकलू नये, अशी मा. जिल्हाधिकारी आणि तळोदा आदिवासी विकास प्रकल्पाचे अधिकारी यांना आपल्या पत्राद्वारे कळकळीची विनंती आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या भरू लागतात, आणि ज्यांना आपल्या पाड्याचे नाव त्या यादीत आहे की नाही हे तपासायचे आहे, ते ग्रामसभेला हजर नसतात.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
शहादा, जि. नंदुरबार